ॲम्प्लिफायर तापतो? पंख्याचं नाव सगळ्यात शेवटी घ्या

गाडीतला ॲम्प्लिफायर अर्ध्या-पाऊण तासात आपोआप बंद पडायला लागला, हिरवा दिवा जाऊन लाल लागायला लागला, की बहुतेकांना पहिला आठवतो तो पंखा. कॉम्प्युटरमधून काढलेले दोन पंखे डिकीत बसवायचे की झालं काम! कधीकधी खरंच होतं. पण पुष्कळदा पंखा लावूनही ॲम्प बंद पडतोच, फक्त पाऊण तासाऐवजी सव्वा तासाने. उष्णता जिथे तयार होते तिथे कुणी हातच लावलेला नसतो. म्हणून इथे पंखा सगळ्यात शेवटी येणार आहे. आधी उष्णता येते कुठून ते पाहू, मग ती मुळात कमी कशी तयार होईल ते, आणि जी उरेल तिला वाट कशी करून द्यायची ते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ॲम्प गरम होणं हा बिघाड नाही. त्याची ॲल्युमिनियमची पातीपातीची बॉडी हाच त्याचा हीटसिंक असतो. आतल्या ट्रान्झिस्टरची उष्णता तिथवर यावी आणि हवेत जावी, यासाठीच तो बनवलेला आहे. ६० अंश सेल्सिअसच्या धातूवर माणसाला हात काही सेकंदांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पण ॲम्पसाठी ते तापमान रोजचं आहे. बहुतेक ॲम्प ८० ते ९० अंशांच्या आसपास स्वतःला बंद करतात. त्यामुळे 'हात ठेवत नाही' एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. मात्र रोजच तो त्या हद्दीजवळ चालत असेल तर आतले कपॅसिटर, म्हणजे वीज तात्पुरती साठवणारे भाग, त्याची किंमत मोजतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबाबतचा जुना ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आज बंद पडून उद्या सुरू होणारा ॲम्प दोन वर्षांनी कायमचा गप्प होतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आत गेलेली वीज, बाहेर आलेला आवाज

ॲम्प्लिफायर वीज निर्माण करत नाही. अल्टरनेटर आणि बॅटरीकडून तो जेवढी वीज घेतो, त्यातली काही स्पीकरला देतो. उरलेली सगळी उष्णता होते. तिला दुसरीकडे जायला जागाच नाही.

ही उष्णता आत दोन ठिकाणी तयार होते. पहिलं ठिकाण पॉवर सप्लाय. गाडीत मिळतात १२ ते १४ व्होल्ट. एवढ्यावर ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं, रोधाचं माप) स्पीकरला चॅनेलमागे जेमतेम १८-२० वॅट देता येतात, आणि साध्या कार स्टिरिओची खरी ताकद तेवढीच असते, पॅनेलवर काहीही छापलेलं असो. त्याहून जास्त हवं तर व्होल्टेज वाढवावं लागतं. त्यासाठी ॲम्पमध्ये मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) आणि ट्रान्सफॉर्मरचा एक छोटा कारखानाच चालू असतो. दुसरं ठिकाण म्हणजे आउटपुटचे ट्रान्झिस्टर, जे हे वाढवलेलं व्होल्टेज गाण्याच्या तालावर स्पीकरकडे सोडतात.

सोडण्याच्या पद्धतीवरून ॲम्पचा 'क्लास' ठरतो. क्लास एबीमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलेल्या नळासारखा काम करतो. पाणी जातं, पण दाबाचा बराच भाग नळातच अडतो, आणि इथे तो अडलेला भाग म्हणजे उष्णता. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतो नाही तर पूर्ण बंद. सेकंदाला लाखो वेळा ही उघडझाप होते आणि त्यातून फिल्टर गाणं वेगळं काढतो. अर्धवट अवस्था जवळजवळ नसल्याने तोटा फार कमी.

आकड्यांत पाहू. स्पीकरला खरेखुरे ४०० वॅट द्यायचेत. क्लास एबीचा ॲम्प पॉवर सप्लायसकट ५५ टक्के कार्यक्षम धरला, तर तो गाडीकडून सुमारे ७२७ वॅट घेईल. म्हणजे १३.८ व्होल्टला ५३ अँपिअरच्या आसपास. त्यातले ३२७ वॅट निव्वळ उष्णता. ८५ टक्के कार्यक्षम असलेला क्लास डी तेवढ्याच आवाजासाठी ४७० वॅट घेईल आणि फक्त ७० वॅट तापवेल. सबवूफरसाठी (फक्त खोल बास देणारा मोठा स्पीकर, थोडक्यात सब) नवीन ॲम्प घेणार असाल तर क्लास डी सोडून दुसऱ्याचा विचार करण्याचं सबळ कारण मला तरी दिसत नाही. दारातल्या स्पीकरसाठी क्लास एबीचा आवाज आवडणारे लोक आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण त्यांनी जागा आणि हवा यांची सोय जास्त करायला हवी.

क्लास डी तापतच नाही, हा मात्र गैरसमज. उष्णता कमी म्हणून बनवणारे बॉडीही लहान करतात. हाताएवढ्या डब्यात ७० वॅट कोंबले की तोही चटका देतो.

आता क्लास एबीची एक गंमत, जी माहीत नसल्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. 'मी तर मध्यम आवाजातच ऐकतो, मग हा एवढा का तापतो?' कारण तो मध्यम आवाजातच सगळ्यात जास्त तापतो! केवळ आउटपुट ट्रान्झिस्टरचं आदर्श गणित मांडलं, बाकीचे तोटे बाजूला ठेवले, तर ४०० वॅटचा ॲम्प पूर्ण ताकदीवर सुमारे १०९ वॅट तापवतो. तोच १६० वॅटवर, म्हणजे चाळीस टक्क्यांवर, १६२ वॅट तापवतो. ५० वॅटवरही १३० वॅट. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली घरगुती ॲम्प्लिफायरच्या जाहिरातींसाठी नियम केला, त्यात मोजमापाआधी ॲम्प एक तास एक तृतीयांश ताकदीवर चालवायची अट होती. ऐकायला सौम्य वाटते, पण ती क्लास एबीच्या जवळजवळ सगळ्यात वाईट जागेवर बोट ठेवणारी होती. पुढे ही अट सैल करून एक अष्टमांशावर आणली गेली.

आणि हे सगळं एका चक्रात फिरतं. मॉस्फेट तापला की त्याचा रोध वाढतो. २५ अंशांवर जेवढा असतो त्याच्या साधारण दीडपट १०० अंशांजवळ. रोध वाढला की तोच करंट जास्त उष्णता करतो, त्याने रोध आणखी वाढतो. म्हणून एकदा तापलेला ॲम्प तेवढ्याच आवाजात आणखी उष्णता करतो.

किती ओहम लावलेत?

ॲम्प तापत असेल तर मी सगळ्यात आधी स्पीकरची जोडणी पाहतो. ओहमचा आकडा जितका लहान, तितका करंट जास्त. ४ ओहमच्या जागी २ ओहम आले की करंट दुप्पट. आवाज वाढतो म्हणून लोक खूश होतात. पण त्याच वेळी उष्णताही निदान दुप्पट होते, आणि क्लास एबीमध्ये कार्यक्षमता घसरत असल्याने त्याहूनही जास्त.

दोन ४ ओहमचे स्पीकर समांतर म्हणजे पॅरलल जोडले की २ ओहम. तेच एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडले की ८. इथपर्यंत सरळ आहे. गडबड होते ती दोन कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या दोन गुंडाळ्यांच्या) सबवूफरमध्ये. ४ अधिक ४ ओहमचा एक सब घेतला, तर त्याच्या कॉइल पॅरललमध्ये २ ओहम देतात आणि सिरीजमध्ये ८. असे दोन सब घेऊन सगळं पॅरलल केलं की १ ओहम. ज्या ॲम्पवर किमान २ ओहम लिहिलंय त्याला १ ओहम लावला, तर आवाज दणदणीत येईल आणि तासाभरात लाल दिवाही येईल. त्याच दोन सबमध्ये प्रत्येकाच्या कॉइल सिरीज आणि मग दोन सब पॅरलल असं केलं की ४ ओहम मिळतात. वायर तेवढ्याच, फक्त टोकं बदलली.

दुसरा सापळा म्हणजे ब्रिजिंग. दोन चॅनेल मिळून एक सब चालवताना प्रत्येक चॅनेलला त्या सबचा निम्माच भार दिसतो. ४ ओहमचा सब ब्रिज केला म्हणजे प्रत्येक चॅनेल २ ओहमवर राबतोय. म्हणून दोन चॅनेल वेगवेगळे चालवताना २ ओहम चालणाऱ्या ॲम्पवर ब्रिजसाठी किमान ४ ओहम लिहिलेलं असतं. हा आकडा मॅन्युअलमध्ये असतोच, बऱ्याचदा ॲम्पच्या पाठीवरही.

तपासायचं असेल तर ॲम्पच्या बाजूची स्पीकर वायर सोडवून मल्टिमीटरने रोध मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.६ दाखवतो, ते बरोबरच आहे. १.६-१.७ दिसलं तर तुमची जोडणी २ ओहमची आहे. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी दोन्ही वायर सोलून एकमेकींना टेकल्या आहेत.

गेन म्हणजे आवाजाची कळ नव्हे

सबवूफर लावलेल्या गाड्यांमध्ये जास्तीच्या उष्णतेचं एकच कारण सांगायचं झालं, तर मी गेनकडे बोट दाखवीन. गेनची कळ आवाज वाढवण्यासाठी नसते. स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती व्होल्टचा आहे हे ॲम्पला सांगण्यासाठी ती असते. कोणाचा स्टिरिओ २ व्होल्ट देतो, कोणाचा ४, कोणाचा ५. गेन त्याच्याशी जुळवायचा. तो गरजेपेक्षा जास्त ठेवला, तर स्टिरिओचा आवाज निम्म्यावर असतानाच ॲम्प आपल्या टोकाला पोचतो आणि त्यापुढे लाटेची शेंडी कापायला लागतो. यालाच क्लिपिंग म्हणतात.

क्लिपिंगचा आणि उष्णतेचा संबंध नीट समजून घेण्यासारखा आहे. गाणं कायम एका पातळीवर नसतं. ठेका पडला की लाट उंच जाते, मध्ये खाली येते. त्यामुळे ४०० वॅटचा ॲम्प स्वच्छ वाजत असताना त्याची सरासरी ५० वॅटच्या आसपासच राहते. मधले सैल क्षण हीच ॲम्पची विश्रांती. गेन वाढवला की शेंड्या तिथेच अडतात, पण खालचा सगळा भाग वर येतो. आवाजाची सर्वोच्च पातळी वाढलेली नसते, सरासरी मात्र दुपटी-चौपटीने वाढते. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट ताकद असते. पॉवर सप्लायला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. स्पीकरची कॉइलही त्याच वेळी जळायच्या मार्गाला लागलेली असते, ते वेगळंच.

गेन बसवायची घरच्या घरी जमणारी पद्धत अशी. स्पीकरच्या वायर ॲम्पवरून काढा. स्टिरिओवरचा बास, ट्रेबल, लाउडनेस सगळं शून्यावर आणा, ॲम्पवरचा बास बूस्ट बंद करा. गेन पूर्ण खाली. आता सबच्या ॲम्पसाठी ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि स्टिरिओचा आवाज पूर्ण क्षमतेच्या तीन चतुर्थांशावर न्या. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि ठरलेला आकडा येईपर्यंतच गेन वाढवा. तो आकडा काढायचा सोपा हिशोब म्हणजे वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ. ४ ओहमवर १०० वॅट हवे असतील तर २० व्होल्ट. २ ओहमवर ४०० वॅटला सुमारे २८.३. १ ओहमवर ५०० वॅटला सुमारे २२.४. वॅटचा आकडा ॲम्पच्या आरएमएसचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा, घ्या आणि सबचा आरएमएस त्याहून कमी असेल तर सबचा. दारातल्या स्पीकरच्या चॅनेलसाठी २००-३०० हर्ट्झचा टोन बरा, कारण साधे मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर एसी व्होल्ट नीट मोजतीलच असं नाही. त्या वेळी हाय-पास फिल्टर (खालचा बास अडवणारा) बंद ठेवा, नाहीतर आकडा चुकेल.

हे करून झाल्यावर पुष्कळांची तक्रार येते की आवाज कमी झाला. थोडा झालेला असतोच. आधीचा जादा आवाज तुटलेल्या लाटांचा होता. कानाला त्याची सवय झालेली असते, दोन दिवसांत जाते.

बास बूस्टबद्दल थोडं कठोर बोलतो. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट ताकद लागते, ६ डेसिबलला चौपट आणि १२ डेसिबलला सोळापट. ॲम्पवरची ती छोटी गोल कळ १२ पर्यंत फिरवणारा माणूस ५० वॅटच्या जागी ८०० वॅट मागतो. ते मिळत नाहीतच, नुसतं क्लिपिंग मिळतं. गेन बूस्ट शून्यावर ठेवून बसवला आणि नंतर बूस्ट चढवला, तर आधीची सगळी मेहनत वाया.

फिल्टर मात्र मोठं काम करतात आणि फुकट करतात. दारातले पाच-सहा इंची स्पीकर ४० हर्ट्झचा बास मुळात देऊच शकत नाहीत. त्यांना ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास लावला की ॲम्पची बरीचशी मेहनत वाचते आणि आवाजही मोकळा होतो. पोर्ट (हवेसाठी ठेवलेलं भोक) असलेल्या बॉक्समधल्या सबसाठी सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालचे स्वर कापणारा फिल्टर, वापरा. बॉक्स ज्या हर्ट्झला ट्यून केलेला असतो त्याच्या बराच खाली सबचा कोन नुसता मागेपुढे हेलकावतो. ऐकू काही येत नाही, वीज मात्र जाते.

वायर, अर्थ आणि व्होल्टेज

वायर बारीक असली की ॲम्प गरम होतो हे अनेकांना पटत नाही. वायर तापेल, ॲम्प कशाला? रेग्युलेटेड पॉवर सप्लाय, म्हणजे गाडीचं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी आतलं व्होल्टेज स्थिर ठेवणारा, असलेल्या ॲम्पचं उदाहरण घेऊ. त्याला ४७० वॅट हवे आहेत म्हणजे हवेच आहेत. १४.४ व्होल्ट मिळाले तर तो ३२.६ अँपिअर ओढतो. ११.५ व्होल्टच मिळाले तर ४१ अँपिअरच्या जवळपास. मॉस्फेटमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे करंट सव्वापट, उष्णता दीडपटीहून जास्त, आणि आवाज तेवढाच. रेग्युलेटेड नसलेल्या ॲम्पमध्ये वेगळं घडतं. व्होल्टेज पडलं की त्याची ताकद कमी होते, क्लिपिंग लवकर सुरू होतं, ऐकणारा आवाज वाढवतो, आणि आपण पुन्हा आधीच्याच जागी येतो.

तांब्याची ८ गेजची वायर म्हणजे साधारण ८.४ चौरस मिलिमीटर. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर धरले आणि ५० अँपिअर वाहिले, तर अर्धा व्होल्ट वायरीतच जातो. ४ गेज, म्हणजे २१ चौरस मिलिमीटर, घेतली तर ०.२ व्होल्ट. आता खरी गोम. स्वस्त वायरिंग किटमध्ये वायर तांब्याची नसते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहतं. शिवाय प्लास्टिकचं आवरण जाड करून बारीक वायर जाडजूड दाखवण्याची कला या धंद्यात फार पुढे गेलेली आहे. तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरट चमकली तर ॲल्युमिनियम.

अर्थची वायर प्लसच्या वायरएवढीच जाड हवी, अर्ध्या मीटरच्या आत हवी आणि उघड्या पत्र्यावर बसवलेली हवी. रंग पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढा, लग घट्ट आवळा, वर गंज लागू नये म्हणून थोडं ग्रीस लावा. सीट बेल्टच्या बोल्टला अर्थ देऊ नका. त्याचं काम वेगळं आहे आणि त्यावर जीव अवलंबून असतो. प्लसच्या वायरला बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज हवाच.

वायरिंग बरोबर आहे का हे मोजता येतं. गाडी चालू, आवाज दणक्यात. मीटर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर लावा, मग ॲम्पच्या टर्मिनलवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर किंवा जोड कमकुवत आहे. फरक नाही पण दोन्हीकडे १२ च्या खाली जातंय, तर अल्टरनेटरच पुरा पडत नाही. छोट्या गाड्यांचे अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अँपिअरचे असतात आणि त्यातला मोठा वाटा एसीचा ब्लोअर, दिवे आणि इंजिन खातं. इंजिन नुसतं रिकामं चालत असताना तर ते आणखी कमी देतात. उभ्या गाडीत मोठ्याने गाणी लावली की ॲम्प लवकर बंद पडतो, याचं हे एक कारण.

यावर उपाय म्हणून चमकदार १ फॅरडचा कपॅसिटर विकला जातो. १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत तो २६ ज्यूल ऊर्जा देतो. ७०० वॅट ओढणाऱ्या ॲम्पला ती ०.०४ सेकंदसुद्धा पुरत नाही. दिवे लुकलुकणं थोडं कमी होईल. उष्णतेवर त्याचा परिणाम शोधत बसू नका.

ॲम्पची खरी ताकदही इथेच कळते. त्याच्यावरच्या फ्यूजचे आकडे मिळवा आणि १३.८ ने गुणा. ३० अँपिअरचे दोन फ्यूज म्हणजे ८२८ वॅट आत जाऊ शकतात. क्लास एबी असेल तर बाहेर साडेचारशेच्या आसपास. ४० अँपिअरच्या फ्यूजवर '३००० वॅट' लिहिलेलं दिसलं, तर तो आकडा स्टिकर छापणाऱ्याचा आहे. सीटीए-२००६ या मानकाप्रमाणे दिलेला आकडा १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापर्यंतच्या विकृतीवर मोजलेला असतो. तो विश्वासाने घ्यावा.

जागा

इतकं सगळं केल्यावर उष्णता निम्म्यावर आलेली असते. उरलेली बाहेर जायला हवी. हीटसिंकचं तापमान म्हणजे आजूबाजूच्या हवेचं तापमान अधिक ॲम्पने घातलेली भर. भर ३० अंशांची असेल, तर ३५ अंशांच्या हवेत तो ६५ वर स्थिरावतो. कडक उन्हात तासन् तास बंद राहिलेली गाडी आतून ६० अंशांपर्यंत जाऊ शकते. तिथे तोच ॲम्प तेवढ्याच आवाजात ९० गाठतो आणि बंद पडतो. अशा वेळी काचा उघडून किंवा एसी लावून पहिली दहा मिनिटं गाडी थंड होऊ द्या. यापेक्षा सोपा उपाय नाही, आणि सहसा कोणी करत नाही.

सबच्या बॉक्सवर ॲम्प बसवायची पद्धत सर्रास दिसते. दिसायला छान, वायरही कमी लागते. पण सतत हादरे बसून आतले सोल्डरचे जोड तडकतात, स्क्रू सैल होतात, आणि ट्रान्झिस्टर हीटसिंकपासून किंचित सुटला तरी उष्णता त्याच्यातच अडकते. सीटखाली बसवणार असाल तर तिथे मागच्या प्रवाशांच्या पायांकडे हीटरची हवा नेणारी नळी नाही ना, ते आधी पाहा. बऱ्याच गाड्यांत ती नेमकी तिथूनच जाते.

उभ्या पृष्ठभागावर, पाती वरखाली जातील अशा दिशेने बसवलेला ॲम्प सगळ्यात चांगला थंड राहतो, कारण तापलेली हवा पात्यांमधून आपोआप वर निघते. आडवा, पाती वर करून ठेवला तरी चालतं. उलटा टांगला तर गरम हवा त्याच्याच पोटाशी साचते. सगळीकडून निदान पाच सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. कार्पेटवर थेट ठेवू नका, खाली छोटे स्पेसर द्या. ॲम्पवर पिशव्या, टॉवेल, जॅकेट टाकायची सवय असेल तर वरचं सगळं वाचूनही उपयोग नाही. पात्यांमधली धूळ अधूनमधून कोरड्या ब्रशने काढा.

आता पंखा

पंखा हवा थंड करत नाही, ती फक्त हलवतो. बंद लाकडी कप्प्यात पंखा लावला तर तीच गरम हवा गोल गोल फिरते. एका बाजूने गाडीतली गार हवा आत येईल आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल, अशी दोन भोकं आधी करा, मग पंख्याचं बोला.

किती हवा लागेल? १५० वॅट उष्णता वाहून नेताना हवा फक्त १० अंशांनी तापावी असं वाटत असेल, तर सेकंदाला साधारण १२ लिटर हवा लागते. ८० मिलिमीटरचा साधा पंखा मोकळ्या जागेत तेवढी देतो, अडथळे आले की बरीच कमी. म्हणून १२० मिलिमीटरचा एक पंखा हळू चालवणं हे ८० मिलिमीटरचे दोन सुसाट चालवण्यापेक्षा बरं, आणि आवाजही कमी. हवेचा झोत पात्यांच्या लांबीच्या दिशेने जाऊ द्या, आडवा नको.

पंखा थेट स्टिरिओच्या रिमोट वायरला जोडू नका. ती ॲम्पला 'सुरू हो' एवढं सांगण्यासाठी असते, तिच्यातून फार थोडा करंट निघतो. रिमोट वायरने एक रिले (थोड्या करंटने चालणारा स्विच) चालवा आणि पंख्याला वीज फ्यूजमधून वेगळी द्या. मधे ४५-५० अंशांना चालू होणारा थर्मल स्विच टाकला तर पंखा गरजेपुरताच फिरेल आणि धूळही कमी ओढेल.

तरीही बंद पडतोय?

मग लाल दिवा कधी लागतो ते पाहा. स्विच देताच लागत असेल तर तो उष्णतेचा प्रश्नच नाही. शॉर्ट वायर, जळालेला स्पीकर किंवा आतला बिघाड शोधा. फक्त बासच्या ठेक्याला ॲम्प क्षणभर बंद होऊन परत येत असेल तर व्होल्टेज पडतंय. अर्ध्या तासाने बंद होऊन दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू होत असेल तरच ती उष्णता. तेव्हा आवाज बंद करून त्याला निवू द्या. ओलं फडकं वगैरे ठेवू नका, आणि पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नका.

शेवटची चाचणी सोपी आहे. स्पीकरच्या वायर काढा, गाणं बंद ठेवा, ॲम्प नुसता चालू ठेवा. क्लास एबी थोडा कोमट होईल, ते ठीक. पण पंधरा मिनिटांत चटका बसण्याइतका तापला तर दोष आतला आहे. बायसची (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणाऱ्या करंटची) सेटिंग सरकलेली, एखादा मॉस्फेट गळका झालेला, किंवा कपॅसिटर फुगलेले. जुन्या ॲम्पमध्ये आणखी एक नेहमीची गोष्ट म्हणजे ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून भुकटी झालेली असते. जाणकार तंत्रज्ञ ती बदलून क्लॅम्पचे स्क्रू आवळून देतो. मात्र ट्रान्झिस्टरखालची अभ्रकाची किंवा सिलिकॉनची पट्टी परत बसली आहे ना, हे त्याला आवर्जून विचारा. ती राहिली तर पुढच्या वेळी स्विच देताक्षणी फ्यूज उडेल, आणि त्याच्याबरोबर बहुतेक दोन-तीन मॉस्फेटही.